चुकीच्या शिक्षेचा तपास विधी-विद्यार्थ्यांना शिकवायचा, तर आधी प्रयोगशाळा की आधी नक्कल शाखा?

कोर्टाचीपायरी
विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षासाठी एक ऐच्छिक विषय आखायचा आहे. १५ आठवडे, आठवड्याला दोन तास, १२ विद्यार्थी. काम असं: शिक्षा झालेल्या प्रकरणाची फाइल घ्यायची, साक्षी-पुरावा उलगडायचा, शास्त्रीय अहवाल तपासायचे आणि शिक्षा टिकण्यासारखी आहे का ते ठरवायचं.

अमेरिकेत १९९२ साली बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड यांनी कार्डोझो लॉ स्कूलमध्ये इनोसन्स प्रोजेक्ट सुरू केला. तो साचा उचलून इथे बसवता येत नाही. तिथे शिक्षेनंतर डीएनए चाचणी मागण्याचे कायदे आहेत, आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही. शिवाय बहुतेक प्रकरणांत चाचणी करायला नमुनाच उरलेला नसतो.

प्रश्न तीन. आधी शास्त्र शिकवावं की आधी कागद? प्रकरण कसं निवडावं? फाइल संपलेल्या प्रकरणाची द्यावी की चालू?

माझा कल आधी शास्त्राकडे आहे. डीएनए अहवालात काय असायला हवं हे ठाऊक नसेल, तर काय नाही हे मुलांना कसं दिसणार?

नक्कलशाखा
आधी कागद. शास्त्र पाचव्या आठवड्यानंतर.

पहिल्या आठवड्यात निकालपत्राचं शेवटचं पान वाचायला लावा. मुलं पहिल्या पानापासून सुरू करतात आणि गोष्टीत वाहून जातात. शेवटी मुद्देमालाविषयी आदेश असतो: 'मुद्देमाल निरुपयोगी असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा.' हे एक वाक्य आधी पाहिलं की फेरचाचणीची आशा धरायची की कागदांवर लढायचं, ते त्याच दिवशी कळतं. नष्ट केल्याची नोंद मात्र वेगळी मागायची. आदेश झाला म्हणजे तो अंमलात आलाच असं नाही.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात न्यायालयाच्या नक्कल शाखेतून प्रमाणित नकला. फक्त निकालपत्र आणि साक्षी मागून थांबू नका. रोजनामा, म्हणजे न्यायालयाने तारखेवार ठेवलेली कामकाजाची नोंद, संपूर्ण हवा. कोणत्या तारखेला साक्षीदार हजर असूनही तपासला नाही, आरोपीला वकील कधी मिळाला, वकील किती वेळा बदलला, उलटतपास 'नाही' म्हणून कधी नोंदला, हे सगळं रोजनाम्यात असतं, निकालात नसतं. मग दोषारोपपत्रासोबतची कागदांची यादी, प्रत्येक निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक पडलेला कागद), मुद्देमाल यादी, प्रयोगशाळेला पाठवलेलं पत्र आणि त्याची पोच.

त्यानंतर एकच तक्ता. प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ. रकाने: कुठून जप्त केली, तारीख-वेळ, पंच कोण, सील कोणाचं, लेबलावर सह्या कोणाच्या, मुद्देमाल रजिस्टरचा क्रमांक, ठाण्यातून बाहेर कधी पडली, कोणत्या शिपायाने नेली, प्रयोगशाळेत कधी पोचली, पोचली तेव्हा सील शाबूत होतं का, अहवालाची तारीख. नियम असा की कागदावर नसेल तर रकाना कोरा ठेवायचा. 'नेली असणारच' म्हणून भरायचा नाही. कोऱ्या रकान्यांची यादी म्हणजे पुढच्या दहा आठवड्यांचं काम.

नमुना म्हणून दिल्लीच्या छावला प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२२ चा निकाल वाचायला द्या. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला ताब्यात घेतले, प्रयोगशाळेकडे गेले २७ फेब्रुवारीला. मधले दिवस ते ठाण्याच्या मालखान्यात. फाशीची शिक्षा झालेले तिघे सुटले, त्यातल्या कारणांत हे एक होतं.

काळा_डगला
मुद्देमाल रजिस्टर हे सोसायटीच्या मेंटेनन्स रजिस्टरसारखं असतं. वर्षभराच्या नोंदी, एकच पेन, एकच रविवार.

नक्कलशाखा
@काळा_डगला, हसण्यावारी नेऊ नका, हा वर्गातला चांगला सराव आहे. एका बैठकीत लिहिलेल्या नोंदी ओळखता येतात. शाईची छटा बदलत नाही, अक्षराचा कल बदलत नाही, पानाच्या तळाशी ओळी दाटीने बसवलेल्या असतात, आणि अनुक्रमांक २७ ची तारीख अनुक्रमांक २६ च्या आधीची निघते. त्यासाठी रजिस्टरची झेरॉक्स पुरत नाही, मूळ पाहावं लागतं. माहिती अधिकारात 'माहिती द्या' न म्हणता 'अमुक रजिस्टरच्या अमुक पानांची पाहणी करू द्या' असं लिहा. दहा रुपयांचा अर्ज आहे, पण पाहणीचा शब्द नसेल तर टंकलिखित उतारा हातात पडतो आणि शाई गेली वाऱ्यावर.

कलम ८(१)(ज) दाखवून नकार आला तर अपिलात एवढंच विचारायचं: तपास संपून शिक्षा लागलेली असताना कोणत्या तपासाला अडथळा येणार आहे, ते लिहून द्या.

टेस्टट्यूब
कागद आधी हे मान्य, पण पाच आठवडे शास्त्र शिवायचंच नाही हे पटत नाही. जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंतची वस्तूची साखळी निर्दोष असूनही अहवाल पोकळ असू शकतो. तक्त्यातले सगळे रकाने भरलेले आणि तरी 'जुळतो' हा शब्द निराधार, असं होतं.

डीएनएचा अहवाल बहुधा दोन पानांचा येतो आणि त्यात निष्कर्ष असतो. मुलांनी मागायच्या गोष्टी या: इलेक्ट्रोफेरोग्राम, म्हणजे शिखरांचा आलेख, डीएनएवरच्या तपासलेल्या प्रत्येक जागेवरच्या अ‍ॅलीलचा, म्हणजे तिथल्या रूपाचा, तक्ता, नमुन्यात डीएनए किती होता त्याचं मोजमाप, कोणतं किट वापरलं, निगेटिव्ह कंट्रोलचा, म्हणजे मुद्दाम डीएनए न घातलेल्या कोऱ्या नमुन्याचा, आलेख, आणि तपासनिसाची कार्यपत्रिका. किटनुसार १५ पासून २० हून जास्त जागा तपासल्या जातात. सडलेल्या नमुन्यात त्यातल्या सात-आठच वाचता येतात. सात जागांवर जुळणं आणि वीस जागांवर जुळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण अहवालात दोन्हीकडे शब्द तोच.

निगेटिव्ह कंट्रोलमध्ये शिखर दिसलं तर ती पूर्ण तुकडी संशयास्पद. एका जागेवर दोनपेक्षा जास्त शिखरं असतील तर एकाहून अधिक व्यक्तींचं मिश्रण असू शकतं, मात्र खऱ्या शिखराच्या शेजारी येणारं बुटकं शिखर यंत्रक्रियेचा अवशेषही असतं. हा फरक ओळखायला दोन तासांचा एक वर्ग पुरतो. मुलांना शास्त्रज्ञ बनवायचं नाही, प्रश्न विचारता आले की झालं.

आणि आकडा. 'योगायोगाने जुळण्याची शक्यता किती' हे अहवालात नसेल तर 'जुळतो' याला वजन नाही. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश, २०२२, यात सर्वोच्च न्यायालयाने याच आकड्याच्या अभावावर बोट ठेवलं आहे. फळ्यावर हे उदाहरण मांडा: शक्यता दहा लाखांत एक आणि शहरात ४० लाख पुरुष, तर योगायोगाने जुळणारे साधारण चौघे निघतील. सरकारी वकील म्हणतात, 'आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक.' ही वेगळीच गोष्ट झाली. दोन्ही वाक्यांतला फरक ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करायला लावा.

नवशिक्या_वकील
महाराष्ट्रातल्या जुन्या फाइलींत डीएनए नसतोच. सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, असतो: 'कपड्यांवर मानवी रक्त, गट बी' किंवा 'गट अनिर्णायक'. त्याचं काय करायचं? आणि अनिर्णायक म्हणजे आरोपीच्या बाजूने ना?

टेस्टट्यूब
नाही. अनिर्णायक म्हणजे कोणाच्याच बाजूने नाही. त्यातून आरोपी सुटतही नाही, अडकतही नाही. घोळ तेव्हा होतो जेव्हा मृताच्या रक्ताचाच गट अनिर्णायक असतो आणि तरी निकालात लिहिलं जातं की आरोपीच्या शर्टावर 'मृताचं' रक्त होतं.

सीए रिपोर्ट वाचताना तीन पायऱ्या वेगळ्या करा. हे रक्त आहे का? माणसाचं आहे का? कोणत्या गटाचं? पहिल्या पायरीच्या रंग बदलणाऱ्या चाचण्या फक्त सूचक असतात, गंज आणि काही भाज्यांतल्या पेरॉक्सिडेजमुळेही रंग येतो. विळा, कोयता जप्त झाला असेल तर गंज आलाच. गट बी निघाला तरी आपल्याकडे जवळपास तिनातल्या एकाचा गट बी असतो. आरोपीचा स्वतःचा गट कोणता हे तपासलंच नाही, अशा फाइली शोधायला लांब जावं लागत नाही.

बांधणीही पाहा. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर बुरशी येते आणि नमुना सडतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे असतात. जप्ती पंचनाम्यात 'पॉलिथिन पिशवीत सीलबंद केले' असं दिसलं की अधोरेखित करा. दोन वस्तू एकाच पुडक्यात बांधल्या असतील तर दोनदा अधोरेखित करा: मृताची साडी आणि आरोपीची पँट एकाच गाठोड्यात गेली असेल, तर एकीचं रक्त दुसरीवर कसं आलं हे शोधायला प्रयोगशाळा कशाला हवी?

उलटतपास
शास्त्राची चर्चा छान चालू आहे, पण आपल्याकडच्या चुकीच्या शिक्षांत डोळ्यांनी ओळखलं हा पुरावा फार मोठा वाटा उचलतो. त्याला दोन आठवडे द्या.

अभ्यासाला अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य घ्या. २००३ चा भोकरदनजवळचा गुन्हा, भटक्या जमातीतले सहा मजूर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली, ज्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली होती त्यांचीही वाढवून. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. गुन्ह्यापासून सुटकेपर्यंत सोळा वर्षं गेली. वर्गासाठी महत्त्वाचा मुद्दा: वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. त्या दिशेने तपास झाला नाही.

म्हणून मुलांना हा प्रश्न पाठ करायला लावा: पोलिसांकडे असलेला, पण दोषारोपपत्रात न जोडलेला कागद कोणता? २०२१ च्या स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ज्यांवर सरकार पक्ष विसंबत नाही अशा कागदांची आणि वस्तूंची यादीही आरोपीला द्यायची. त्याआधीच्या फाइलींत अशी यादी नसेल, मग ती तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासातून आणि स्टेशन डायरीच्या उल्लेखांतून उभी करावी लागते.

ओळख परेडीसाठी आपल्या उच्च न्यायालयाचं क्रिमिनल मॅन्युअल समोर ठेवा. एक संशयित असेल तर किमान सहा इतर माणसं रांगेत, दोन असतील तर दहा-बारा, आणि एका परेडीत साधारणपणे दोनहून जास्त संशयित नाहीत. मग परेड पंचनाम्यात मोजा. इतर माणसांची वयं, बांधा लिहिला आहे का? अटक आणि परेड यांत किती दिवस? त्या दिवसांत आरोपीला चेहरा झाकून नेलं का? वर्तमानपत्रात फोटो आला होता का? हा शेवटचा प्रश्न वाचनालयात जाऊन सोडवता येतो, आणि तरी तो कोणी सोडवत नाही.

पंचनामाप्रेमी
७/११ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या निकालातही ओळख परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या अधिकाराचा मुद्दा होता. तोही घ्या.

व्यवस्थापक
जुलै २०२५ च्या त्या उच्च न्यायालयाच्या निकालावर अपील आहे आणि तो इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आहे. त्यावर स्वतंत्र धागा आहे, इथे नको. धन्यवाद.

अटलांटिकपार
अमेरिकेतून दोन गोष्टी, एक शास्त्राची आणि एक विद्यार्थ्यांची.

केसांची सूक्ष्मदर्शक तुलना. एफबीआयने २०१५ मध्ये जुन्या साक्षींचा आढावा जाहीर केला. आरोपीविरुद्ध वापरलेल्या २६८ खटल्यांतल्या साक्षींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक साक्षींत शास्त्राला न झेपणारी विधानं होती. बहुतेक ठिकाणी खोट उपकरणात नव्हती, 'सारखा दिसतो' पासून 'त्याचाच आहे' इथवर साक्ष देताना मारलेल्या उडीत होती. म्हणून अहवाल आणि साक्ष शेजारी ठेवून क्रियापदं तपासायची.

ठशांचंही तसंच. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर एफबीआयने ओरेगनमधल्या एका वकिलाचा ठसा जुळतो म्हणून सांगितलं, न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञानेही दुजोरा दिला, आणि स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं. आधी एकाने 'जुळतो' म्हटल्यावर दुसऱ्याचा डोळा तेच शोधतो. वर्गात प्रयोग करा: निम्म्या मुलांना नुसते दोन ठसे द्या, निम्म्यांना तेच ठसे आणि सोबत 'आरोपीने कबुली दिली आहे' अशी चिठ्ठी.

आता विद्यार्थ्यांची. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांच्या तपासानंतर १९९९ मध्ये फाशीची शिक्षा झालेला एक कैदी सुटला आणि दुसऱ्याने कबुली दिली. विद्यार्थ्यांच्या बाजूने काम करणाऱ्या खासगी तपासनिसाने ती कबुली ज्या पद्धतीने मिळवली त्यावर पुढे गंभीर आक्षेप आले, आणि २०१४ मध्ये त्या दुसऱ्या माणसालाही सोडावं लागलं. 'खरा गुन्हेगार' शोधून काढणं हे विद्यार्थ्यांचं काम नव्हे, हे पहिल्याच तासाला सांगा.

नागपुरी_संत्रं
वरच्या मुद्द्याला जोडून, साक्षीदारांना भेटण्याचे नियम लेखी हवेत. इथे घसरलं तर विद्यार्थी स्वतः अडचणीत येईल आणि कैद्याचं प्रकरणही कायमचं बिघडेल.

एकट्याने कधीच नाही, दोघांनी जायचं: एक बोलेल, एक लिहील. सोबत किंवा मागे सनदधारक वकील हवा आणि कैद्याचं वकीलपत्र त्याच्याकडे हवं, विद्यार्थी फक्त त्याच्या हाताखाली. दारातच सांगायचं, आपण कोण, कोणाच्या बाजूने आलो, बोलायला नकार देता येतो. 'तेव्हा तुम्ही खोटं बोललात का?' असं विचारायचं नाही, 'त्या दिवसाचं सांगा' एवढंच. पैसे, प्रवासखर्च, मिठाईचा पुडा, काहीही द्यायचं नाही. साक्ष बदलायला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली गुन्हा आहे, आणि धमकी दिली नसली तरी दिल्याचा आरोप होऊ शकतो. म्हणून टिपण त्याच संध्याकाळी, दोघांच्या सह्यांनी, वेळेसह. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेकडे आणि लहान मुलांकडे विद्यार्थ्यांनी जायचंच नाही.

क्रमही ठरवा. आधी पंच, मग डॉक्टर, मग बाजूचे साक्षीदार, प्रत्यक्षदर्शी सगळ्यात शेवटी. पंच फितूर झाला नसेल आणि तरीही चार वेगवेगळ्या खटल्यांत त्याच ठाण्याचा पंच असेल, तर ते भेटीविना, न्यायालयाच्या ऑनलाइन निकालांतच सापडतं.

बोरूबहाद्दर
सगळ्यांनी एक गोष्ट सोडली: भाषा. पंचनामा मराठीत, जबाब मराठीत, सर्वोच्च न्यायालयात जाणारी फाइल इंग्रजीत. चुका या फटीत राहतात.

सराव असा. एक मराठी जबाब आणि त्याचं अपिलाच्या पेपरबुकातलं (वरच्या न्यायालयासाठी बांधलेल्या कागदांच्या संचातलं) भाषांतर ओळीला ओळ लावून वाचा. 'रात्री नऊच्या सुमारास' मधला 'सुमारास' गळतो आणि नेमके नऊ वाजतात. 'ओळखीचा वाटला' चं 'ओळखलं' होतं. 'अंधूक उजेड होता' मधला अंधूक जातो, उजेड राहतो. मग उच्च न्यायालय लिहितं की पुरेसा उजेड होता.

आणि चुलता, मामा, मावसा, आत्याचा नवरा, सगळ्यांचं 'अंकल'.

दुसरी खूण साचेबंद वाक्यांची. 'आरोपीने स्वखुशीने निवेदन केले की' नंतरची तीन वाक्यं चार आरोपींच्या चार मेमोरँडम पंचनाम्यांत (आरोपी वस्तू काढून देतो म्हणाल्याच्या नोंदींत) शब्दशः तीच असतील, अगदी शुद्धलेखनाच्या चुकीसकट, तर ती कोणाची वाक्यं? प्रकाश निषाद विरुद्ध महाराष्ट्र राज्य, मे २०२३, यात तर कबुलीवजा निवेदन मराठीत आणि आरोपीला मराठी येत नाही. त्याच निकालात नमुने पाठवायला लागलेल्या उशिराचाही समाचार आहे, म्हणजे कागदवाले आणि शास्त्रवाले दोघांचं समाधान.

टेस्टट्यूब
@बोरूबहाद्दर, 'अंकल' वाचून खुर्चीतून उठलो! वाय-एसटीआर चाचणीत पुरुषाचा वाय गुणसूत्राचा नमुना बाप, भाऊ, चुलता, चुलतभाऊ सगळ्यांत साधारण सारखाच असतो. मामाचा नाही. घटनेच्या रात्री घरात 'अंकल' होते असं भाषांतरात असेल आणि मुळात चुलता असेल, तर तो अहवाल त्यालाही तितकाच लागू पडतो. मूळ मराठी जबाब पाहिल्याशिवाय हे कळणारच नाही. वंशावळ काढणं हा शास्त्राच्या आठवड्यातला गृहपाठ धरा.

बोरूबहाद्दर
आजीला फोन करा, वंशावळ मोफत मिळेल.

शवागार
शवविच्छेदन अहवाल कोणीच घेतला नाही. महाराष्ट्राच्या छापील नमुन्यात रकाना १७ म्हणजे बाहेरच्या जखमा, १९ डोकं, २० छाती, २१ पोट. मुलांनी १७ ची तुलना तीन ठिकाणी करायची: मरणोत्तर पंचनाम्यातल्या जखमा, प्रत्यक्षदर्शीने सांगितलेले वार, जप्त हत्याराची लांबी-रुंदी. साक्षीदार म्हणतो कोयत्याचे पाच वार आणि रकाना १७ मध्ये चार ठेचलेल्या जखमा, तर गाडी तिथेच अडली. डॉक्टरला साक्षीच्या वेळी हत्यार प्रत्यक्ष दाखवलं का, तेही साक्षीत शोधा.

मृत्यूच्या वेळेवर भरवसा ठेवू नका. ताठरपणा यायला १२ तास, टिकायला १२, जायला १२ हे परीक्षेपुरतं ठीक आहे. विदर्भातल्या मे महिन्यात हे सगळं खूप लवकर उरकतं. 'जेवणानंतर दोन ते तीन तासांत मृत्यू' हे पोटातल्या अन्नावरून छातीठोकपणे सांगितलं असेल तर त्यावर अख्खी वेळ उभारू नका, आरोपीच्या विरुद्धही नाही आणि बाजूनेही नाही. दुसरं वाक्य विद्यार्थी विसरतात.

जळिताच्या प्रकरणांत मृत्युपूर्व जबाब. डॉक्टरचा 'शुद्धीवर आहे' असा शेरा नसला तरी जबाब आपोआप बाद होत नाही, हे लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या घटनापीठाच्या निकालाने स्पष्ट आहे. म्हणून नुसता शेरा शोधत बसू नका. अंगठा पाहा. दोन्ही हात पूर्ण भाजल्याचं केसपेपरवर आणि जबाबावर मात्र रेषा न रेषा स्पष्ट उमटलेला अंगठा, याचं स्पष्टीकरण कोणी दिलं आहे का? वेदनाशामक इंजेक्शन किती वाजता दिलं ते नर्सच्या नोंदींत असतं, दोषारोपपत्रात नसतं.

पारवा
इतकं सगळं शोधलं. मग द्यायचं कुठे? अंतिम निकालानंतर दार कोणतं?

उलटतपास
अपील चालू असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३२, जुनं ३९१, जादा पुरावा घेण्याचं. अंतिम झालं असेल तर पुनर्विलोकन, मग क्युरेटिव्ह (सर्वोच्च न्यायालयाकडेच शेवटची दुरुस्ती याचिका), मग राज्यपाल किंवा राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. दारं अरुंद आहेत आणि प्रत्येक ठिकाणी उशीर का झाला ते सांगावं लागतं, म्हणून तक्त्याला आणखी एक रकाना: हा कागद आपल्याला कधी मिळाला.

एक दार मात्र सताड उघडं आहे. गुन्ह्याच्या वेळी आरोपी अल्पवयीन होता हा दावा बाल न्याय कायद्याच्या कलम ९(२) खाली केव्हाही करता येतो, शिक्षा अंतिम झाल्यावरही. कलम ९४ चा क्रम आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, मग महापालिका-ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी १२ वर्षं ६ महिन्यांचा होता हे मार्च २०२३ मध्ये मान्य झालं, राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरवरून. तोवर तो २८ वर्षांहून जास्त काळ आत होता.

१५ आठवड्यांत विद्यार्थी खरोखर तडीला नेऊ शकतील असं काम हे आहे. शाळेत जा, दाखल-खारीज रजिस्टरची मूळ नोंद पाहा, शेजारच्या क्रमांकांच्या मुलांच्या तारखा पाहा, म्हणजे नोंद मागाहून घुसवलेली नाही हे दाखवता येतं. नावातला फरक वेगळ्या कागदाने जोडा.

काळा_डगला
पण हे निर्दोषत्व नव्हे ना? गुन्हा केलाच नाही असं कुठे म्हटलं?

उलटतपास
नाही म्हटलं. धाग्याचं नाव 'चुकीची शिक्षा' आहे. बारा वर्षांच्या मुलाला फाशी ही चुकीची शिक्षा नाही तर काय?

शिवाय आपल्या न्यायालयात 'निर्दोष' या शब्दाखाली दोन गोष्टी येतात: त्याने केलं नाही आणि त्याने केल्याचं सिद्ध झालं नाही. मुलांना शरद बिरधीचंद सारडा, १९८४, वाचायला द्या, परिस्थितीजन्य पुराव्याचं पंचशील, म्हणजे पाच कसोट्या, त्यातच आहे. 'असू शकतं' आणि 'असलंच पाहिजे' यातलं अंतर मोजायला त्याहून चांगला निकाल नाही, आणि तो पुण्याचाच आहे.

काळा_डगला
मान्य. सुटल्यावर भरपाई मिळते का हेही शिकवा. विनाकारण अटकेसाठी संहितेत कमाल रक्कम एक हजार रुपये आहे. त्यात वकिलाची पार्किंगची पावती निघेल.

पारवा
विधी आयोगाचा २७७ वा अहवाल, २०१८, याच विषयावर आहे. त्यात भरपाईसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकट सुचवली होती.

मोबाइलटॉवर
अवांतर वाटेल, पण नव्या फाइलींत रक्तापेक्षा सीडीआर, म्हणजे मोबाइल कॉलच्या नोंदी, जास्त. 'आरोपीचं लोकेशन घटनास्थळी' असं जे लिहितात ते टॉवरचं लोकेशन असतं. एका टॉवरचे सहसा तीन भाग, प्रत्येकी सुमारे १२० अंश. शहरात पल्ला काहीशे मीटर, खेड्यात कित्येक किलोमीटर. नकाशावर टॉवर मांडा, अँटेनाची दिशा काढा, आरोपीचं घर त्याच पाकळीत येतं का पाहा. बरेचदा येतं, आणि मग पुरावा म्हणजे 'तो घरी होता' एवढाच उरतो.

इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रमाणपत्राशिवाय हे ग्राह्य नाही, जालन्याच्या निवडणुकीतून आलेला अर्जुन पंडितराव खोतकर निकाल, २०२०. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण). आणि घाई करा. कंपन्यांनी नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या असतात, त्यानंतर मागून काही हाती लागेलच असं नाही.

कोर्टाचीपायरी
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. माझा कल बदलला, पण पूर्ण नाही.

आराखडा असा: पहिला आठवडा निकालपत्राचं शेवटचं पान आणि साक्षीदारांविषयीचे लेखी नियम. २ ते ५ नकला, रोजनामा, तक्ता, मराठी-इंग्रजी तुलना. ६ ते ९ शास्त्र, पण तक्त्यात जी वस्तू आहे तेवढंच. फाइलीत ठसा नसेल तर ठसे शिकवायचे नाहीत. १० आणि ११ ओळख परेड. १२ शवविच्छेदन. १३, १४ टिपण लिहिणं. १५ तोंडी. भेटीगाठी या सत्रात नाहीत, त्या पुढच्या सत्रात, वकिलाबरोबर.

फाइल दोन. एक संपलेलं, जाहीर निकालाचं प्रकरण सगळ्यांना समान, म्हणजे चुकलं तरी कोणाचं नुकसान नाही. दुसरं काम वयाच्या कागदांचं, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत, चौघांच्या तीन गटांना.

एक अडलंय: गुण कशाला द्यायचे? 'निर्दोष आहे' असं लिहिणाऱ्यालाच जास्त गुण मिळतात असं मुलांनी धरलं, तर सगळेच तसं लिहितील.

नक्कलशाखा
निष्कर्षाला शून्य गुण ठेवा. १०० पैकी ४० तक्त्याला, त्यातले निम्मे कोऱ्या रकान्यांना: कोरा का आहे आणि भरायला कोणता कागद कुठून मागायचा हे लिहिलं तर गुण, अंदाजाने भरला तर वजा. ३० टिपणाला, प्रत्येक विधानाला निशाणी क्रमांक आणि पान क्रमांक. उरलेले ३० उलट टिपणाला: तीच फाइल, आता सरकार पक्षाच्या बाजूने, शिक्षा का टिकावी. दुसरं टिपण पहिल्याहून जड झालं तर प्रकरण सोडायचं, आणि तसं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण.

नवशिक्या_वकील
तक्ता एक्सेलमध्ये करायचा की कागदावर?

नक्कलशाखा
आधी भिंतीवर. तपकिरी कागदाचा गुंडाळा आणा, तारखा आडव्या, वस्तू उभ्या. २७ तारखेला पाठवलेल्या बाटलीची चिठ्ठी १४ तारखेच्या रेषेपासून हातभर लांब चिकटवावी लागते. एक्सेलमध्ये त्या दोन शेजारच्या चौकटी असतात.

काळा_डगला
आणि सेलोटेप नको, टाचण्या वापरा. चिठ्ठ्या पंधरा वेळा हलतील.